वरच्या मजल्यावरची मळणी

देवासाठी घर सोडलेली माणसं मी ऐकली आहेत, प्रेमासाठी सोडलेली एक-दोन पाहिली आहेत, आणि नोकरीसाठी घर सोडलेल्यांत तर मी स्वतःच मोडते. पण एका क्रियापदासाठी घर सोडलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असणार, आणि तो नेमका जपानमधल्या त्सुकुबात, आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायला आला. बरं, क्रियापदही आपलं नव्हे. जुन्या जर्मन आणि इंग्रज शेतकऱ्यांचं. इंग्रजीत थ्रेश, जर्मनमध्ये द्रेशन, आपल्याकडे मळणे. कणीक नव्हे, धान्य. या एका क्रियापदाचं मूळ आणि त्याची रूपं एवढ्यावर पीएच.डी. करायला हे गृहस्थ वयाच्या चोपन्नाव्या वर्षी साताऱ्याच्या कॉलेजातून बिनपगारी रजा काढून, बायकोला आणि आंब्याच्या दोन कलमांना मागे ठेवून जपानला आले होते. "जर्मन क्रियापदासाठी जपान?" असं कोणी विचारलं की ते शांतपणे सांगत, "या क्रियापदावर जगात सगळ्यात जास्त लिहिलेला माणूस या गावात राहतो. पाणी असेल तिथे घागर न्यायची. विहीर कोणाच्या परसात आहे ते कशाला बघायचं?"

आमची पहिली भेट जिन्यात झाली आणि पहिल्याच भेटीत घोटाळा झाला. कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका संशोधन संस्थेत, धातूंवर. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं यांना लॉटरी लागली. "अरे वा! मीही धातूंवरच. तुमचा कुठला?" मी म्हटलं, टायटॅनियम. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात कुठलीशी लांबलचक यादी चाळली आणि जरा ओशाळून विचारलं, "हा कितव्या गणातला?" माझा नवरा हसून हसून जिन्यात बसला. सरांनाही चूक कळली तेव्हा ते आमच्यापेक्षा जास्त हसले. मात्र त्यानंतर तीन वर्षं त्यांनी मला 'धातुभगिनी' याच नात्याने वागवलं, आणि आमच्या घरी संध्याकाळी जेवायला येण्याचा हक्क त्या नात्यातच आपोआप आला.

आम्ही त्यांना सर म्हणत असू. सगळ्या साताऱ्याने त्यांना पंचवीस वर्षं तेच म्हटलं होतं. आमच्या बिल्डिंगची मालकीण म्हणजे ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण जिभेला अजिबात बाक नसलेली एक जपानी आजी. तिने आमच्या तोंडून 'सर' ऐकलं आणि जपानी जिभेला शेवटचा र सुटा सोडवत नाही म्हणून त्याचं 'सारु' केलं, आणि आदराने पुढे 'सान' लावलं. जपानीत सारु म्हणजे माकड. "माकडराव आहेत का घरी?" असं ती कमरेत आणखी वाकून अदबीने विचारत असे, आणि आमची आठ वर्षांची सई सोफ्यावर लोळून हसत असे. मी आजींना खरं नाव सांगू का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, "नको. पंचवीस वर्षं पोरं हेच नाव मागून घेत होती. ही बाई समोरून घेते आहे. शिवाय सान लावते."

सरांच्या सायकलीला घंटी होती, पण तिची गरज पडत नसे. पॅडल मारताना ते क्रियापदाची जुनी इंग्रजी रूपं मोठ्याने म्हणत. थेर्स्कान, उजवा पाय. थॅर्स्क, डावा. थुर्स्कोन, उजवा. थोर्स्केन, डावा. विद्यापीठाच्या रुंद, सरळ, झाडांच्या रस्त्यावरून हा मंत्र लांबून ऐकू आला की शाळेतून येणारी पोरं बाजूला होत. एकदा एका तरुण पोलिसाने सायकलीचा नोंदणी नंबर तपासायला त्यांना थांबवलं आणि काय म्हणताय, असं विचारलं. सरांनी त्याला भर चौकात सांगायला घेतलं की या क्रियापदाचा भूतकाळ पूर्वी आतला स्वर बदलून होत असे. जर्मन बिचारी अजून तसंच म्हणते, द्रेशन, द्रोश, गेद्रोशन. पण इंग्रजीने आळस केला, मागे एक शेपूट चिकटवलं आणि हात झटकले. पोलीस सगळं ऐकून घेऊन, दोनदा वाकून, नंबर न तपासताच निघून गेला. त्या जुन्या भूतकाळांच्या मरणाचं सरांना सुतक असे. "चार सख्खी भावंडं होती हो," ते मला वरण वाढून घेता घेता सांगत, "आता घरात एकटं थ्रेश उरलंय. आणि एक चुलतभाऊ, थ्रॅश. तो नुसता मारामाऱ्या करतो."

क्रियापदाला जपानीत दोऊशी म्हणतात. सरांचा उच्चार अस्सल सातारी, त्यामुळे ते 'मी दोशीवर संशोधन करतो' असं सांगत. टोकियोतल्या ओजिमाला आम्ही गणपतीला गेलो होतो. तिथे पुण्या-मुंबईची आयटीतली बरीच कुटुंबं राहतात. प्रसादाच्या रांगेत एका कोथरूडच्या मुलाने फार आदराने विचारलं, "सर, हे दोशी म्हणजे मुंबईचेच का? जपानात कधी आले होते?" सरांनी त्याला रांगेतून बाहेर काढून पाऊण तास समजावलं. मोदक संपले. घरी परतताना ट्रेनमध्ये सर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. शेवटी त्याने विचारलं, की या क्रियापदाचा उपयोग काय? प्रश्न बरोबर होता. मला उत्तर आलं नाही, ते सोडा."

कचऱ्याच्या बाबतीत तर त्यांनी आमच्या गल्लीचं वेळापत्रक बिघडवलं. इथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा. सरांना प्रश्न पडला की हा 'आपोआप जळणारा' की 'जाळण्याजोगा'? क्रियापद अकर्मक दिसतंय, मग कर्ता कोण? या विचारात ते पिशवी हातात धरून उभे राहिले आणि गाडी निघून गेली. आठवड्यातून दोनदा निघून गेली. शेवटी आजींनी त्यांच्या दारावर एक कागद लावला. त्यावर फक्त एक चित्र होतं, माकड आणि पिशवी, आणि घड्याळात आठ वाजलेले.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे मी पोळ्या करण्याची. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि परातीकडे प्रयोगशाळेत बघावं तसं बघत. "बघा, तुम्ही कणीक मळता, कपडे मळतात, वाट मळते आणि खळ्यावर धान्य मळतात. मुळात हे सगळं पायाचं काम. तुडवणं. मराठी विसरली नाही, जर्मन विसरली." हा त्यांचा सिद्धान्त होता. उत्तरेकडची मंडळी पुढे काठीने धान्य झोडायला लागली हे खरं, पण हे क्रियापद जन्मलं तेव्हा त्याचा अर्थ झोडणं नव्हता, पायांनी दणदण तुडवणं होता. पुरावा? हे क्रियापद फार पूर्वी इटलीत शिरलं आणि तिथे त्याचा अर्थ झाला नाचणे. "काठीने झोडण्याला कोणी नाच म्हणेल का? पाय असल्याशिवाय नाच कसा येईल?" आणि मग ते आवाज उतरवून सांगत, की जर्मनमध्ये चावून चोथा झालेल्या गोष्टीला 'मळून मळून संपलेली' म्हणतात, आपण 'मळलेली वाट' म्हणतो, आणि या दोघांनी एकमेकांना पत्र न पाठवता हे केलंय. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझी पोळी करपायची.

मी एकदा विचारलं, तुम्ही स्वतः कधी मळणी केलीत का? सर कोरेगावकडच्या शेतकरी घरातले. म्हणाले, "पाहिली. खळ्यात मधे तिवड्याचा खांब, त्याला ओळीने बैलांची पात जुंपलेली. वडील मागून हाकत. मी सहा-सात वर्षांचा. माझ्याकडे टोपलं. बैलाने शेपूट उचललं की धावत जाऊन खाली टोपलं धरायचं, धान्यात शेण पडू द्यायचं नाही." आणि अगदी गंभीरपणे पुढे म्हणाले, "म्हणजे विषयाशी माझा संबंध पहिल्यापासून मागच्या बाजूने आला."

त्यांचे जपानी प्रोफेसर बरोबर उलट मताचे. लहानखुरे, नेहमी करड्या सुटातले, बोलण्याआधी शब्द मनात तीनदा पुसून घेणारे. त्यांनी आयुष्यभर मांडलं होतं की या शब्दाच्या मुळाशी ना पाय आहे ना काठी, आवाज आहे. कडकड, तडतड. शेजारच्या भाषांतले त्याचे नातेवाईक शब्द सगळे आवाजाचेच आहेत. मार्चमध्ये प्रोफेसर निवृत्त होणार होते, प्रबंध डिसेंबरात द्यायचा होता, आणि ऑक्टोबरात त्यांनी सरांचं तिसरं प्रकरण, म्हणजे पायांचं प्रकरण, परत पाठवलं. चाळीस पानांत एकही खूण नाही. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने एकच ओळ: 'असं असेल का?'

सर आनंदाने खाली आले. "बघा, विचारतायत! उत्सुकता वाढली त्यांची." माझा नवरा टोकियोत जपानी कंपनीत दहा वर्षं काढलेला माणूस. त्याने तो कागद हातात घेतला आणि डॉक्टर रिपोर्ट बघून खुर्ची पुढे ओढतात तशी खुर्ची पुढे ओढली. "सर, बसा. जपानीत याचा अर्थ 'नाही' असा होतो."

"पण नाही असं लिहिलेलं नाही."

"लिहिणारही नाहीत. यापेक्षा स्पष्ट ते बोलत नाहीत."

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. सायकल मुकी झाली. जेवायला आले तरी पोळीकडे बघेनात. सईने त्यांना मुद्दाम जपानीत चुकीचं क्रियापद म्हणून दाखवलं, तरी त्यांनी दुरुस्त केलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले. रोज संध्याकाळी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, साताऱ्याहून फोन येई आणि सर स्पीकर लावून बोलत, कारण त्यांना फोन कानाला लावला की ऐकू कमी येई. त्यामुळे काकूंशी आमची सगळ्यांची ओळख होती. काकू शाळेत गणित शिकवायच्या आणि तसंच बोलायच्या.

"प्रकरण काढून टाकलं तर पास होता का?" काकूंनी विचारलं.

"होईन. पण मग प्रबंधात राहतं काय? रूपांची यादी."

"मग काढू नका."

"आणि नापास झालो तर? तीन वर्षं गेली, अगं."

"लग्नाला तुम्ही तीन दिवसांची रजा काढली होती. त्या क्रियापदाला तीन वर्षं दिलीत," काकू म्हणाल्या. "आता अर्ध्यावर टाकून आलात तर मी दार उघडणार नाही." आणि मग, "कलमाला यंदा मोहर बरा दिसतोय," असं म्हणून फोन ठेवला. नोव्हेंबरात साताऱ्यात आंब्याला कुठला मोहर! पण ते सरांच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आजींनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांची दारं वाजवली. बिल्डिंगमागच्या जमिनीच्या पट्टीत त्या दरवर्षी सोयाबीन लावत आणि त्याचा आंबवलेला लगदा, म्हणजे वर्षभराचं मिसो, घालत. झाडं उपटून, पेंढ्या बांधून, वाळवून झाल्या होत्या. एरवी त्या एकट्याच निळ्या ताडपत्रीवर बसून काठीने झोडत, पण यंदा खांदा धरला होता. आम्ही तिघं उतरलो. सरही आले, उतरलेल्या चेहऱ्याने, पण आले. त्यांच्या हातात काठी दिली. ज्याने झोडण्याविरुद्ध चाळीस पानं लिहिली त्याच्याकडून झोडणं काय होणार? तिसरा फटका त्यांच्याच नडगीवर बसला. "माकडराव, बसा तुम्ही," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात सईला कंटाळा आला. तिने बूट काढले आणि ताडपत्रीवरच्या ढिगावर उडी मारली. वाळलेल्या शेंगा तिच्या पायाखाली अशा काही फुटल्या की काय सांगू! तडतड, कडकड, चुर्र. तिला गंमत वाटली, ती नाचायलाच लागली. मी ओरडणार होते, पण आजी खुशीत म्हणाल्या, "नाचू दे, नाचू दे. लहानपणी आम्हीही असंच करायचो. दाणे कठीण असतात, काही होत नाही."

सर नडगी चोळत बसले होते ते उठले. "थांब!" ते सईला म्हणाले. ती थांबली. अंगण शांत झालं. "आता नाच." तडतड सुरू झाली. "थांब. ... नाच." असं चारदा झालं. मग ते माझ्याकडे वळले आणि इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "अहो, पाय पडल्याशिवाय आवाज नाही. आणि आवाजाशिवाय पाय नाही. हे दोन नाहीतच. आमचं भांडण कशावर होतं?" आणि स्वेटर उलटा असल्याचं मी सांगायच्या आत सायकलीवर बसून नाहीसे झाले.

अर्ध्या तासाने ते प्रोफेसरांना घेऊन आले. रविवारी, न कळवता, जपानी प्रोफेसरांच्या घरी जाऊन त्यांना उठवून आणणं हे इथे किती मोठं धाडस आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पण प्रोफेसर आले होते, करड्या सुटात, आणि वाटेत थांबून आजींसाठी मिठाईची बांधलेली पेटीही घेतली होती. त्यांनी ताडपत्रीच्या कडेला बूट काढले, नीट जुळवून, टोकं बाहेर करून ठेवले, पँट दोन बोटं वर घेतली आणि आजींची परवानगी मागून त्या ढिगावर पहिलं पाऊल टाकलं.

तड.

ते थांबले. दुसरं टाकलं. मग हळूहळू गोल फिरायला लागले. त्यांच्या मागे सर, सरांच्या मागे सई. दोन पंडित आणि एक पोरगी, सोयाबीनवरून पात धरून चालले होते आणि सर तोंडाने अस्पष्ट 'होऽ, होऽ' असं बैलांना हाकल्यासारखं म्हणत होते. ते आपण कोणाला म्हणतोय हे त्यांच्या ध्यानात असेल असं वाटत नाही. कोणी हसलं नाही. माझा नवरासुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने प्रोफेसर थांबले. सावकाश, इंग्रजीत, म्हणाले, "मी टोकियोत वाढलो. चाळीस वर्षं हा आवाज पुस्तकात ऐकत होतो. खरा आज ऐकला." मग पायांकडे बघितलं. मोज्यांना फोलपटं चिकटली होती. "आवाज माझा. पाय तुमचे. दोन्ही लिहा."

सरांनी फक्त मान हलवली, आपली सातारी मान, जी 'हो' म्हणते की 'नाही' ते जपानी माणसाला कधीच कळत नाही. प्रोफेसरांना त्या दिवशी कळलं. आजींनी मात्र दोघांना सोडलं नाही. "झालं असेल तर अजून दोन पेंढ्या आहेत," त्या म्हणाल्या, आणि निवृत्तीला आलेल्या त्या विद्वानाने त्याही तुडवल्या.

सरांनी तीन आठवड्यांत प्रकरण पुन्हा लिहिलं. वरच्या मजल्यावरून दिवसभर पावलं ऐकू यायची. प्रबंध वेळेत गेला, फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली, आणि सरांना त्यांच्या नावाआधी लावायचं ते 'डॉ.' मिळालं. त्या संध्याकाळी काकू फोनवर "बरं झालं" एवढंच म्हणाल्या, पण फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. त्याच दिवशी मला कळलं की साताऱ्याच्या कॉलेजात सर शिकवत तो जर्मन विषयच बंद झाला होता, सर इथे आल्यानंतर वर्षभरातच. त्यांना ते तेव्हापासूनच माहीत होतं. तीन वर्षं आमच्या घरी जेवला हा माणूस, पण त्यातलं एक अक्षर बोलला नाही. मी रागावले तर म्हणाले, "तुम्ही मग मला उपयोग काय, असं विचारलं असतंत. ओजिमाच्या त्या मुलासारखं."

मार्चमध्ये विमानतळाला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर आम्ही त्यांना सोडायला गेलो. प्रोफेसरही आले होते. बस लागली तेव्हा सर त्यांच्या पाया पडायला खाली वाकले. प्रोफेसरांना वाटलं यांचं काहीतरी पडलं, म्हणून तेही वाकले आणि शोधायला लागले. सरांना वाटलं प्रोफेसरांचंच काही पडलं, तेही शोधायला लागले. दोघे म्हातारे फरशीवर हात फिरवत काही वेळ काहीच नसलेलं शोधत होते. मग ड्रायव्हरने अदबीने वेळ झाल्याचं सांगितलं. सई एरवी रडत नाही. ती जपानीत काहीतरी पुटपुटली आणि माझ्या कोटात तोंड खुपसलं.

आता वर एक तरुण जपानी जोडपं राहतं. फार सभ्य आहेत, कचरा वेळेवर ठेवतात, आवाज म्हणून करत नाहीत. पोळ्या वेळेत होतात आणि एकही करपत नाही.

परवा सरांचा फोन आला. कॉलेजने त्यांना मानाने निरोप दिला, नारळ दिला. आता संध्याकाळी घराच्या पडवीत जर्मन शिकवतात. मी विचारलं, किती मुलं आहेत? "तीन मुली. तिघी नर्स. जर्मनीला जायचंय, तिकडे हॉस्पिटलात फार मागणी आहे म्हणे. त्यांना 'कुठे दुखतं', 'रात्री झोप लागली का' एवढं यायला हवंय. पटापट शिकतात."

"मग तुमचं क्रियापद?"

"ते एकदा सांगितलं. द्रेशन, द्रोश, गेद्रोशन. दोघींनी पेन खाली ठेवलं. तिसरीने वहीत उतरवून घेतलं. साताऱ्याकडच्या बावधनची आहे, घरी शेती आहे. नंतर तिने विचारलं, सर, हे परीक्षेत येतं का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही." काकू आतून कोणाला तरी हाक मारत होत्या. "तरी तिने खोडलं नाही."